मोजलेली हवा आणि मोजावयाची हवा : घरगुती हवामापक व पंखा यांविषयीच्या भाषेची चिकित्सा

१

गेल्या दहाबारा वर्षांत शहरी मध्यमवर्गीय घरांत एक नवे उपकरण येऊन बसले आहे. तळहाताएवढी पेटी, तिच्या दर्शनी भागावर एक आकडा, आणि त्या आकड्यासोबत हिरवा, पिवळा किंवा तांबडा रंग. हवेच्या एका घनमीटरात सूक्ष्म कणांचे वजन किती मायक्रोग्रॅम भरते, हे ती पेटी सांगते. ज्या घरात दम्याचा रोगी, तान्हे मूल किंवा वृद्ध माणूस आहे तेथे या आकड्याला औषधाच्या मात्रेइतके महत्त्व येते. खिडकी उघडावी की लावून घ्यावी, रोग्याची खाट कोठे हलवावी, हवाशुद्धक यंत्र रात्रभर चालवावे की नाही, हे त्या आकड्याकडे पाहून ठरते. याच खोलीत, महाराष्ट्रातील उष्म्यामुळे, वर्षाचे बहुतेक महिने छताचा पंखाही फिरत असतो. पंखा लावला की आकडा बदलतो, हा अनुभव अनेक घरांतला आहे. आणि त्यावरून काढला जाणारा निष्कर्षही बहुधा ठरलेला असतो : 'पंख्यामुळे यंत्र चुकते.'

प्रस्तुत लेखात या तीन शब्दांच्या वाक्याची चिकित्सा करावयाची आहे. वाक्य सरळ आहे, व्याकरणशुद्ध आहे, आणि काही प्रसंगी खरेही आहे. तथापि त्यातील प्रत्येक पद निरनिराळ्या गोष्टींना एकाच नावाखाली झाकून ठेवते. 'चुकते' या पदात चूक कशाच्या अपेक्षेने, हे सांगितलेले नाही. 'पंख्यामुळे' या पदात पंख्याने नेमके काय केले, हे सांगितलेले नाही. 'यंत्र' या पदात त्या पेटीतील कोणता अवयव अभिप्रेत आहे, हे सांगितलेले नाही. एरवी असा संक्षेप बोलण्यात चालतो. परंतु ज्या वाक्यावरून रोग्याने कोठे निजावे हे ठरते, त्या वाक्यातील संक्षेप निरुपद्रवी मानता येत नाही.

२

प्रथम 'चुकते' हे पद घेऊ. या क्रियापदाचा संबंध प्राकृत 'चुक्क' या धातूशी आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या व्याकरणात संस्कृत 'भ्रंश्' धातूला प्राकृतात होणारे जे आदेश दिले आहेत, त्यांत 'चुक्क' आहे. आणि त्याच सूत्रात 'भुल्ल'ही आहे. 'भ्रंश्' म्हणजे ढळणे, घसरणे, स्थान सुटणे. मराठीतील जुने प्रयोग हा अर्थ अजून राखून आहेत. वाट चुकते, नेम चुकतो, काळजाचा ठोका चुकतो, वेळ चुकते. या प्रत्येक प्रयोगात चुकण्याच्या आधी काहीतरी ठरलेले असावे लागते : वाट असावी लागते, लक्ष्य असावे लागते, ताल असावा लागतो. लक्ष्याशिवाय नेम चुकणे ही कल्पनाच संभवत नाही. 'अचूक' या विशेषणाचेही तसेच आहे. जे ढळत नाही ते अचूक. पण कशावरून ढळत नाही, हे ठरल्यावाचून त्या शब्दाला अर्थ येत नाही.

मापनशास्त्राचाही निष्कर्ष याहून वेगळा नाही. मापनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय परिभाषाकोशाच्या १९९३ च्या आवृत्तीत मेय राशीची व्याख्या 'मापनाचा विषय होणारी विशिष्ट राशी' अशा आशयाची होती. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती बदलली, आणि 'जी मोजण्याचा हेतू आहे ती राशी' असा आशय तिला देण्यात आला. बदल लहान दिसतो. वस्तुतः तो मूलगामी आहे. मोजण्याच्या क्रियेमुळे किंवा मोजण्याच्या परिस्थितीमुळे प्रत्यक्षात मोजली जाणारी गोष्ट ही मोजण्याचा हेतू असलेल्या गोष्टीहून वेगळी असू शकते, याची ती स्पष्ट कबुली आहे. याच कोशात असेही सांगितले आहे की अचूकता ही स्वतः राशी नव्हे. तिला संख्यामूल्य देता येत नाही. एक मापन दुसऱ्याहून अधिक अचूक आहे, एवढेच म्हणता येते.

हा भेद व्यक्त करण्यासाठी मराठीला नवी परिभाषा घडवावी लागत नाही. 'मोजलेले' आणि 'मोजावयाचे' ही दोन कृदंते भाषेत सिद्धच आहेत. पहिले घडून गेलेल्या क्रियेचे कर्म सांगते. दुसरे हेतू सांगते. आणलेली भाजी आणि आणावयाची भाजी यांत गफलत झाली तर ती घरात तत्काळ ध्यानात येते. मोजलेली हवा आणि मोजावयाची हवा यांतील गफलत मात्र ध्यानात येत नाही, कारण दोहोंसाठी पेटीवर एकच आकडा असतो. पंख्याचा सारा प्रश्न या दोन हवांमधील अंतराचा प्रश्न आहे.

३

आता 'पंख्यामुळे' या पदाकडे वळू. 'पंखा लावल्यावर आकडा वाढला' आणि 'पंख्यामुळे आकडा वाढला' ही वाक्ये समानार्थी नव्हेत. पहिल्यात केवळ क्रम आहे. दुसऱ्यात कार्यकारणभाव आहे. आणि कार्यकारणभाव मान्य केला तरी पंख्याने हवा बदलली की हवेचे मापन बदलले, हे '-मुळे' या शब्दयोगी अव्ययातून कळत नाही.

एक शयनगृह कल्पावे. दारे-खिडक्या लावलेल्या आहेत, खाटेखाली डासांची कॉइल जळत आहे, हवामापक समोरच्या भिंतीवरील फळीवर आहे, आणि पंखा बंद आहे. कॉइलचा धूर सरळ वर चढतो, छताखाली पसरतो आणि सावकाश खोलीत उतरतो. काही मिनिटे फळीवरचा आकडा जवळजवळ स्थिर असतो. मग पंखा लावला जातो. धूर खोलीभर मिसळतो आणि आकडा एकदम चढतो. घरातील माणूस म्हणतो, पंख्यामुळे यंत्र चुकले. परंतु येथे चुकलेले काहीच नाही. पंख्यापूर्वीचा आकडा फळीजवळच्या निर्धूर हवेचा होता व तो खरा होता. पंख्यानंतरचा आकडा मिसळलेल्या हवेचा आहे व तोही खरा आहे. चूक झाली ती पहिला आकडा सबंध खोलीचा मानण्यात. पंख्याने ती चूक घडवली नाही, उलट उघडकीस आणली. खाटेवर निजलेल्या माणसाच्या दृष्टीने तर पंख्यापूर्वीचा दिलासा देणारा आकडाच अधिक घातक होता.

दुसरा प्रकार धुळीचा. पाण्याइतक्या घनतेचा २.५ मायक्रोमीटर व्यासाचा कण स्थिर हवेत तासाला सुमारे ७० सेंटीमीटर खाली येतो. १० मायक्रोमीटरचा कण त्याच वेळात सुमारे ११ मीटर उतरेल. म्हणजे तीन मीटर उंचीच्या छतापासून जमिनीवर येण्यास त्याला साधारण पाव तास पुरतो. यावरून असे दिसते की पंखा बंद असलेल्या खोलीत जाड कण लवकर खाली बसतात, बारीक कण मात्र तासन्‌तास तरंगत राहतात. छताच्या पंख्याखाली हवेचा वेग सेकंदाला एक ते तीन मीटर असू शकतो. या वेगापुढे कणाचे मंद पतन नगण्य ठरते. शिवाय पात्यांवर, गादीवर व कपाटाच्या माथ्यावर साचलेली धूळ पुन्हा उठते. ही वाढ खरी वाढ होय. तिला मापनाची चूक म्हणणे म्हणजे ताप मोजणाऱ्या नळीला तापाबद्दल दोष देणे होय.

तिसरा प्रकार याच्या उलट आहे. पंखा लावल्यावर आकडा उतरला, तर 'पंख्याने हवा स्वच्छ केली' असे म्हटले जाते. मराठीत 'हवा' आणि 'वारा' हे दोन शब्द आहेत, आणि भाषेचा रोजचा विवेक येथे उपयोगी पडतो. वारा घालता येतो. हवा पालटावी लागते. छताचा पंखा वारा घालतो, हवा पालटत नाही. खिडक्या बंद असतील तर तो खोलीतील हवा खोलीतच फिरवतो. आकडा उतरला तो बहुधा यंत्राजवळचा धूर अन्यत्र वाटला गेला म्हणून. खिडकी उघडी असेल तर मात्र बाहेरची हवा आत मिसळण्यास पंखा साहाय्य करतो. पण मग बाहेरची हवा कशी आहे यावर परिणाम अवलंबून राहतो.

या तिन्ही प्रकारांत पंख्याने हवाच बदललेली आहे. येथे संवेदकाच्या अचूकतेचा प्रश्न उपस्थितच होत नाही.

४

प्रश्न उपस्थित होतो तो हवा यंत्रात शिरते त्या तोंडाशी. येथे प्रमाण मानल्या जाणाऱ्या मापनपद्धतीचा विचार आवश्यक आहे. त्या पद्धतीत ठरावीक वेगाने, सामान्यतः तासाला एक घनमीटर, हवा ओढून २४ तास गाळण-पत्रावरून नेतात व पत्राचे आधीचे आणि नंतरचे वजन करतात. पत्रापूर्वीच्या वाटेत हवेला असे वळण दिलेले असते की जाड कणांना ते घेता येत नाही. ते भिंतीवर आदळून मागे राहतात. २.५ मायक्रोमीटरच्या कणांपैकी निम्मे पुढे जातील, अशी ही रचना असते. वेग बदलला तर ही सीमारेषाही सरकते. म्हणजे 'पीएम २.५' या संज्ञेतील '२.५' हा केवळ फूटपट्टीने मोजलेला व्यास नव्हे. वाहत्या हवेत कण कसा वागतो त्याचे ते वर्णन आहे. प्रवाह हा या संज्ञेच्या बाहेरचा अडथळा नसून तिच्या अर्थाचाच एक घटक आहे. म्हणूनच प्रमाण उपकरणात प्रवाहाच्या वेगाची राखण अत्यंत कसोशीने केली जाते.

घरगुती पेटीत अशी व्यवस्था नसते. तिच्यातील संवेदक कणांचे वजन करीत नाही. तो हवेच्या झोतावर प्रकाश टाकतो, कणांवरून विखुरलेला प्रकाश टिपतो, आणि त्यावरून वजनाचा अंदाज बांधतो. हवा आत आणण्याच्या रीतीवरून या संवेदकांचे तीन वर्ग पाडता येतील. शार्प कंपनीच्या जीपी२वाय१०१० या जुन्या संवेदकात हवा ओढण्याचे साधनच नाही. खोलीतील हवा एका छिद्रातून आपणहून जाईल तेवढीच. शिन्येई कंपनीच्या पीपीडी४२ या संवेदकात एक विद्युत्‌रोधक तापतो व ऊन हवा वर चढते. या चढणाऱ्या हवेवरच मापन अवलंबून असल्याने संवेदक उभाच ठेवावा लागतो. प्लँटॉवरच्या पीएमएस५००३ मध्ये व सेन्सिरियनच्या एसपीएस३० मध्ये चिमुकला पंखा बसवलेला असतो. एसपीएस३० मधील पंखा तर, मूळ मांडणी न बदलल्यास, आठवड्यातून एकदा दहा सेकंद पूर्ण वेगाने फिरून साचलेली धूळही झटकतो.

छताच्या पंख्याचा वारा या तिन्ही वर्गांना सारखा बाधत नाही. ज्याचा प्रवाह तापलेल्या रोधकाच्या मंद आंचेवर चालतो त्याचा प्रवाह खोलीतील साधी झुळूकही उलटीपालटी करू शकते. ज्याला स्वतःचा पंखा आहे तो अधिक खंबीर असतो, पण अभेद्य नसतो. सेकंदाला तीन मीटर वेगाचा वारा समोरून आदळला तर त्याचा दाब सुमारे ५ पास्कल होतो. हा दाब क्षुल्लक वाटेल; परंतु नखाएवढ्या पंख्याने निर्माण केलेला दाबही काही मोठा नसतो. वारा प्रवेशद्वारावर आदळला तर आतील प्रवाह वाढतो, निर्गमद्वारावर आदळला तर रोखला जातो. संवेदक एकेक कण मोजून, प्रवाह ठरावीकच आहे असे गृहीत धरून हिशेब करीत असेल, तर हा फरक सरळ उत्तरात उतरतो. तो सबंध झोताचा एकत्रित प्रकाश मोजत असेल, तर फरक पुष्कळच सौम्य होतो, कारण झोताचा वेग बदलला तरी त्यातील कणांची दाटी तीच राहते.

कणांच्या जडत्वाचाही येथे विचार केला पाहिजे. सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारी हवा एकाएकी वळली, तर २.५ मायक्रोमीटरचा कण आपल्या जुन्या दिशेने सुमारे ०.०२ मिलिमीटरच पुढे सरकतो. १० मायक्रोमीटरचा कण सुमारे ०.३ मिलिमीटर सरकतो. काही मिलिमीटर रुंदीच्या तोंडाशी पहिले अंतर नगण्य आहे, दुसरे तितकेसे नाही, आणि वारा वेगवान झाला की ते त्या प्रमाणात वाढते. तात्पर्य, आडव्या वाऱ्यात बारीक कण हवेबरोबर वळून आत जातात, जाड कण मात्र तोंड ओलांडून निघून जातात. पेटीवरील 'पीएम १०' हा आकडा 'पीएम २.५' पेक्षा वाऱ्याला अधिक वश असतो तो यामुळे. त्यातच, या वर्गातील स्वस्त संवेदकांना जाड कण मुळातच फार थोडे दिसतात, असे परीक्षणांतून वारंवार आढळले आहे. यातून एक विपरीत परिस्थिती उद्भवते. पंख्याने गादीवरची जाड धूळ खरोखरच उडवली असता, म्हणजे हवा प्रत्यक्ष बिघडली असता, पेटीवरील आकडा जागचा हलणारही नाही. आणि घरातील माणूस 'पंख्याने काही फरक पडत नाही' असे निश्चिंतपणे म्हणेल. 'पंख्यामुळे यंत्र चुकते' या वाक्याइतकेच हे वाक्यही अविश्वसनीय आहे.

नमुन्याच्या या चर्चेत हवाशुद्धक यंत्राचा स्वतंत्र उल्लेख करणे प्राप्त आहे. पुष्कळ हवाशुद्धकांत संवेदक यंत्राच्या अंगातच बसवलेला असतो. यंत्राभोवतीची हवा सर्वांत आधी शुद्ध होते, आणि संवेदक तीच हवा मोजतो. त्याचा आकडा असत्य नसतो. तो यंत्राच्या परिसराचा आकडा असतो. पण त्यावरचा हिरवा रंग पाहून घरची माणसे खोलीच्या दुसऱ्या टोकाला निजलेल्या रोग्याविषयी निश्चिंत होतात. मोजलेली हवा यंत्राची, मोजावयाची हवा रोग्याची. प्लँटॉवरच्या माहितीपत्रकात संवेदक हवाशुद्धकाच्या झोताच्या वाटेत बसवू नये, बसवावा लागल्यास त्याला आडोसा द्यावा, अशा आशयाची सूचना आहे. ती यंत्र बांधणाऱ्याला उद्देशून आहे. यंत्र वापरणाऱ्यापर्यंत ती पोचत नाही.

५

राहिले 'यंत्र' हे पद. एकवचनी नाम वस्तूच्या एकत्वाचा आभास निर्माण करते. पेटी एक असली तरी तिच्यात बहुधा तीनचार संवेदक असतात, आणि वाऱ्याशी त्यांचे नाते एकसारखे नसते. काही ठिकाणी तर ते परस्परविरुद्ध असते.

उष्णता व आर्द्रता मोजणाऱ्या संवेदकांना वारा अपायकारक नसून उपकारक ठरतो. पेटीतील विद्युत्‌मंडल तापते व त्याची ऊब संवेदकाला लागते. स्थिर हवेत ती साचते. वाऱ्याने ती निघून जाते. हवेची खरी आर्द्रता ६० टक्के असताना संवेदक भोवतालापेक्षा एका अंशाने उष्ण असेल, तर तो ५६ ते ५७ टक्केच दाखवील. पंखा लावल्यावर तापमानाचा आकडा उतरला व आर्द्रतेचा चढला, तर पंख्याने खोली थंड केली असे नव्हे, आणि यंत्र बिघडले असेही नव्हे. पंख्याने यंत्राला त्याच्या स्वतःच्या उबेतून सोडवले, एवढेच. हे तत्त्व जुने आहे. ओल्या व कोरड्या तापमापकांच्या जोडीवरून आर्द्रता काढताना वाऱ्याचा वेग अनिश्चित राहिला तर उत्तर अनिश्चित राहते, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिचर्ड आसमान या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने त्या जोडीवर पंख्यानेच हवा खेचण्याची युक्ती योजली. तेथे पंखा मापनात व्यत्यय आणत नाही, मापन शक्य करतो. त्याआधी १८६० नंतरच्या दशकात टॉमस स्टीव्हन्सनने तापमापकांसाठी झडपांची पेटी रचली होती. हवा आत यावी, पण ऊन व पाऊस यांचा थेट मारा येऊ नये, हा तिचा हेतू होता. घरगुती हवामापकाला आजही याच विवेकाची गरज आहे.

वायू हुंगणाऱ्या धातुभस्माच्या संवेदकाची गोष्ट वेगळी. त्याचा पापुद्रा काहीशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेला असतो आणि त्याच्या विद्युत्‌रोधावरून वायूचे प्रमाण काढले जाते. थेट वाऱ्याने पापुद्रा निवला तर वायू तितकाच असूनही उत्तर बदलते. ही खरीखुरी संवेदकाची चूक होय. उलट, अवरक्त प्रकाशाच्या शोषणावरून कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या संवेदकावर वाऱ्याचा मुख्य परिणाम एवढाच की नवी हवा त्याच्या कोठीत लवकर पोचते.

हे सर्व संवेदक एकमेकांपासून अलिप्तही नसतात. दमट हवेत कण पाणी धरून फुगतात व अधिक प्रकाश विखुरतात; म्हणून कणांच्या आकड्याला आर्द्रतेची दुरुस्ती लागते. पीएमएस५००३ वर आधारलेल्या एका प्रसिद्ध हवामापकासाठी अमेरिकेतील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये जे समीकरण प्रसिद्ध केले, त्यात यंत्राच्या आकड्याला ०.५२४ ने गुणावे, आर्द्रतेच्या टक्क्यांची ०.०८६२ पट वजा करावी आणि ५.७५ मिळवावे असे सांगितले आहे. या समीकरणात आर्द्रतेला स्थान आहे, वाऱ्याला नाही. दुसरे असे की हे समीकरण अमेरिकेतील मोकळ्या हवेत, प्रमाण उपकरणांशेजारी ठेवलेल्या यंत्रांवरून सिद्ध झाले आहे. बंद खोलीतील कॉइलच्या किंवा फोडणीच्या धुराला, छताच्या पंख्याखाली, ते जसेच्या तसे लावणे म्हणजे एका बोलीचे व्याकरण दुसरीवर लादण्यासारखे आहे.

६

येथपर्यंत लोकांच्या बोलण्याची चिकित्सा झाली. विक्रेत्यांच्या व भाषांतरकारांच्या भाषेचीही व्हावयास हवी. कारण लोकांचा शब्द बहुधा तेथूनच येतो. पीएमएस५००३ च्या इंग्रजी माहितीपत्रकात १०० ते ५०० मायक्रोग्रॅमच्या टप्प्यात १० टक्के व १०० पर्यंत १० मायक्रोग्रॅम इतका फरक नमूद आहे. परंतु त्या ओळीचे शीर्षक 'अचूकता' असे नाही. 'कन्सिस्टन्सी'मधील कमाल त्रुटी असे आहे, म्हणजे एका संवेदकाचा दुसऱ्याशी मेळ. एसपीएस३० च्या पत्रकातील शब्द 'प्रिसिजन' असा आहे. कंपन्यांनी शब्द जपून वापरले आहेत. पेटीच्या जाहिरातीत व बोलण्यात येईपर्यंत या दोन्ही शब्दांची जागा 'अचूकता' घेते.

ही केवळ शब्दांची अदलाबदल नव्हे. दहा गवई एकाच सुरात गात असतील तर त्यांचा मेळ उत्तम आहे. पण दहाही जण षड्जावरून तितकेच ढळलेले असू शकतात. एकाच पंख्याखाली ठेवलेल्या दोन पेट्या एकच आकडा दाखवतात म्हणून तो खरा, हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही; वारा दोहोंना सारखाच ढळवीत असेल. मराठीत 'मेळ', 'काटेकोरपणा' आणि 'अचूकता' हे तीन शब्द उपलब्ध असताना तिन्ही कामे शेवटच्या एकाकडून करवून घेणे हे भाषेचे दारिद्र्य नसून वापरणाऱ्याची बेपर्वाई आहे.

रंगांच्या भाषेविषयीही थोडे म्हणणे अवश्य आहे. भारतातील २००९ च्या मानकानुसार पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय निर्देशांकात ३० पर्यंतची हवा 'चांगली' ठरते. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची २४ तासांची शिफारस १५ ची आहे. ही सारी परिमाणे दिवसाच्या सरासरीची आहेत. पेटी मात्र क्षणाक्षणाच्या आकड्याला तेच रंग देते. पंखा लावताच दोन मिनिटे चढलेला आकडा आणि दिवसभर चढलेला आकडा यांना एकच तांबडा रंग लाभतो, आणि पंखा लावणारा विनाकारण धास्तावतो. ३० च्या सीमेवर १० मायक्रोग्रॅमचा फरक मुळातच मान्य असलेल्या संवेदकाने हिरव्यातून पिवळ्यात उडी मारली, तर त्या उडीला अर्थ किती द्यावयाचा, हेही कोणी सांगत नाही.

७

यावर असा आक्षेप संभवतो की हा सारा शब्दच्छल आहे; पंखा बंद करून मापन घ्यावे, म्हणजे प्रश्न मिटला. हा उपाय वरवर शास्त्रीय दिसतो. परंतु ज्या खोलीत दिवसाचे पंधरा-सोळा तास पंखा फिरतो, त्या खोलीचे पंखा बंद करून केलेले मापन हे ज्या खोलीत कोणी राहत नाही अशा खोलीचे मापन आहे. रोगी पंख्याखालची हवा घेतो. मोजावयाची हवा ती आहे. पंखा बंद करून मिळालेला आकडा कदाचित अधिक स्थिर असेल. पण तो नेम दुसऱ्याच लक्ष्यावर लागलेला असेल.

योग्य मार्ग असा की पंखा चालू राहू द्यावा, पण वाऱ्याचा थेट मारा यंत्राच्या तोंडावर येऊ देऊ नये. यंत्र जमिनीलगत न ठेवता निजणाऱ्याच्या नाकाच्या उंचीवर, त्याच्या बाजूला ठेवावे. फरक कशाचा आहे याचा निर्णयही घरच्या घरी करता येतो. यंत्र व पंखा यांच्यामध्ये एक पुठ्ठा उभा करावा. यंत्र झाकू नये, केवळ आडोसा द्यावा. आडोसा देताच आकडा तत्काळ पालटला आणि काढताच पूर्ववत झाला, तर वारा नमुन्याला किंवा संवेदकाला बाधत आहे. आडोशाने काही पालटले नाही, आणि पंखा लावल्यावर चढलेला आकडा मिनिटामिनिटाने सावकाश उतरत गेला, तर खोलीतील हवाच बदलली आहे. पहिल्या बाबतीत यंत्र हलवावे. दुसऱ्या बाबतीत कॉइल विझवावी, पाती पुसावी किंवा बाहेरची हवा बरी असेल तर खिडकी उघडावी. निदान निराळे, म्हणून उपायही निराळा. 'पंख्यामुळे यंत्र चुकते' या वाक्याने दोन्ही निदानांना एकच नाव दिले होते, आणि त्यामुळे दोन्ही उपाय दृष्टीआड गेले होते.

त्या एका वाक्याच्या जागी तीन वाक्ये रूढ व्हावीत, असे या विवेचनाचे फलित आहे : पंख्याने हवा बदलली, पंख्याने नमुना बदलला, पंख्याने संवेदक बदलला. तिन्ही वाक्ये लहान आहेत, आणि कोणत्याही घरात सहज बोलता येतील अशी आहेत. त्यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्यालाच अचूकतेचा प्रश्न लागू पडतो. आणि तिसरे वाक्य उच्चारताना कोणता संवेदक, हे सांगावे लागते. आकडा सांगतानाही 'आज हवा ४५ आहे' असे न म्हणता, पेटी कोठे होती, पंखा चालू होता की बंद, आणि आकडा क्षणाचा की दिवसाचा, एवढे सांगण्याची सवय जडली पाहिजे. असे वाक्य लांबेल खरे. परंतु वैद्यासमोर ते उच्चारले जाईल तेव्हा खाटेवरील माणूस खरोखर कोणती हवा घेत होता, हे त्या लांब वाक्यातूनच त्याला कळेल.